रुग्णाची झोंप

आपल्या कोल्हापुरांतील छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच थोरला दवाखाना, कोणास ठाऊक नाहीं? घरचें माणूस तेथें दाखल झालें कीं आपण फळें घेऊन भेटीस जातों. परंतु त्याच्या झोंपेस आपण साह्य करितों कीं विघ्न आणितों, हा विचार क्वचितच करितों.

चिंतेनें झोंप उडते व जागरणानें चिंता वाढते. हें चक्र मोडण्यास दर वेळीं गोळीच लागते असें नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत बजाविलें आहे कीं, पहिल्या झोंपेंतून दचकून उठलेला रोगी पुन्हा सहसा झोंपत नाहीं. आणि दाराआडच्या कुजबुजीकडे त्याचा कान नकळत ओढला जातो. आम्हीहि एका आप्ताच्या खोलीबाहेर असेच कुजबुजलों होतों. सकाळीं त्यांचे तांबारलेले डोळे पाहून ओशाळलों.

यास्तव डॉक्टरांचें म्हणणें रोग्यास समजेल अशा शब्दांत त्याच्यासमोरच बोलावें. दिवसा त्यास खिडकीचा उजेड मिळूं द्यावा, म्हणजे देहास दिवस व रात्र यांचें भान राहतें. सायंकाळीं चहा टाळावा; निजतेवेळीं डोळ्यांवर मऊ पट्टी ठेवावी, हात हातीं घेऊन श्वास सावकाश सोडावयास सांगावें. मात्र वेदना वा धाप असल्यास परिचारिकेस तत्काळ कळवावें, आणि चालू औषध आपल्या मतानें बंद करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, औषध देण्याची विद्या तुम्हांजवळ आज नाहीं; परंतु रोग्याच्या दाराशीं पाऊल हलकें टाकणें तुम्हांस आजच साधेल.