अवयव सापडण्याआधीच संयुक्त ठरलेली संख्या

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ साली अशा संख्यांची यादी छापली आणि हिला मूळ संख्या म्हटले. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती संयुक्त असल्याचे दाखवले, पण तिला कोणत्या संख्येने भाग जातो हे त्यांनाही सांगता आले नाही. शाळेत आपण आधी अवयव शोधतो, मग संख्येला संयुक्त म्हणतो. इथे क्रमच उलटा झाला आणि मला या गोष्टीतले हेच सर्वांत विलक्षण वाटते.

ल्युकांची कसोटी पुढे लेहमर यांनी सोपी केली. ती वहीवर करता येते. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा, आणि हेच पुन्हा करा. किती वेळा? घातांकापेक्षा दोनने कमी. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१ घेऊ. ४ चा वर्ग १६, वजा २, उरले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. आठचा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. तीन पायऱ्या झाल्या, ३१ मूळ ठरली.

आता घातांक ११, संख्या २०४७. नऊ पायऱ्यांच्या बाक्या अशा येतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. एवढ्या आकडेमोडीत २३ किंवा ८९ हे तिचे अवयव कुठेही डोकावले नाहीत.

अवयव शोधायचे तर वाट वेगळी. २ चे घात घेत जा आणि प्रत्येकाला २३ ने भागून बाकी लिहा: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला, इथून तेच चक्र पुन्हा सुरू होते. फर्माच्या प्रमेयानुसार बाविसाव्या पायरीलाही १ यायलाच हवा, म्हणून चक्राची लांबी ११ ही २२ ची विभाजक असते. यावरून नियम असा निघतो की, घातांक विषम मूळ संख्या असेल तर प्रत्येक मूळ अवयव त्या घातांकाच्या सम पटीत १ मिळवून झालेला असतो. २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. ६७ साठी उमेदवार फक्त १३४ च्या पटीत १ मिळवलेले. शिवाय त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यावी लागते. एवढे गाळूनही चाचपायच्या संख्या काही कोटी उरतात.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी उत्तर मांडले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. पहिला अवयव म्हणजे १३४ ची १४,४५,५८० पट अधिक १. कोल एकामागून एक भाग देत बसले नव्हते. वर्गशेषांच्या चाळणीने त्यांनी शक्यता कमी करत नेल्या. तरीही तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे त्यांनी सांगितल्याचे ई. टी. बेल यांनी लिहून ठेवले आहे. हा गुणाकार मात्र कोणालाही एका बैठकीत पडताळता येतो. वाचकांनी तो हाताने एकदा जरूर करावा.

संख्या संयुक्त ठरवणे आणि तिचे अवयव शोधणे यांतली ही दरी संगणक आल्यावरही बुजलेली नाही. २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे पक्के सिद्ध झाले आहे. तिचा एकही मूळ अवयव अजून सापडलेला नाही.