शून्यांची रांग

बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचं बोट पहिल्या पानावरच्या स्कोअरवर असतं. ३०० ते ९०० च्या पट्टीत आपण किती खाली आहोत, याचीच त्यांना धास्ती. मी आधी आतली पानं उघडायला लावतो, कारण दुखणं तिथं सापडतं.

मध्यंतरी एक टेम्पोचालक आले. दुसऱ्या गाडीचं कर्ज नामंजूर झालं होतं. रिपोर्टात प्रत्येक कर्जाखाली ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात. हप्ता वेळेवर गेला की ०००, थकला की जितके दिवस उशीर तितका आकडा. त्यांच्या दुचाकीच्या कर्जात ०००, ०००, मग ०२८, ०५९, ०८९ आणि पुन्हा ०००. "बायको दवाखान्यात होती तेव्हाचं आहे हे," ते खाली मान घालून म्हणाले. ०८९ पाहून मला हायसं वाटलं. नव्वदी ओलांडली असती तर खातं एनपीएत, म्हणजे अनुत्पादित कर्जात, गेलं असतं.

खरी अडचण क्रेडिट कार्डाची होती. "एवढे भरा, विषय संपला," असं वसुलीवाल्यानं सांगितलं आणि त्यांनी भरले. पण खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा बसला. म्हणजे पूर्ण येणं वसूल झालं नाही, बँकेनं काही रक्कम सोडून दिली. पुढची प्रत्येक बँक हे वाचते. यावर उपाय म्हणजे सोडलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवायची, भरून नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं आणि खातं 'क्लोज्ड' दाखवायला लावायचं. आम्ही तिथंच बसून अर्ज लिहिला.

फिटलेलं एक जुनं कर्ज मात्र अजून चालू दिसत होतं. अशा चुकीची तक्रार ऑनलाइन, फुकट करता येते. सिबिल बँकेकडून खातरजमा करून दुरुस्ती करतं. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२४ पासून लागू आहे.

पुढचं काम सावकाशीचं. मुदत ठेवीवर मिळणारं छोटं कार्ड घ्यायचं, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापरायचं, बिल पूर्ण भरायचं. हप्त्याच्या तारखेआधी खात्यात पैसे ठेवायचे. नकार मिळाला म्हणून लगेच चार ठिकाणी अर्ज टाकायचे नाहीत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर घटत नाही.

पैसे घेऊन 'सिबिल क्लिअर' करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. ती जुनी होत जाते आणि पुढं वेळेवर भरलेल्या हप्त्यांची शून्यं वाढत जातात. एका आजारपणात हप्ते थकले म्हणून माणूस कर्जबुडव्या होत नाही. पण तसं समजून तो सावकाराच्या दारात गेला, तर मात्र खरंच बुडतो. सिबिलसह देशातल्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. कर्जाची गरज पडायच्या वर्षभर आधी तो मागवा. दुरुस्तीला तेवढा अवधी लागतोच.