जुना मोहल्ला, नवे घर : सहीआधी हिशेब करा

मुंबईतील भेंडीबाजार, डोंगरी, नळबाजार भागात शंभरी गाठलेल्या अनेक चाळी आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी इथली रचना. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. तेवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, म्हणून मालकांनी लक्ष काढून घेतले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. पुनर्बांधणी हवीच, याबद्दल दुमत नाही. ती कशी व्हावी, हा खरा प्रश्न आहे.

भाडेकरूला नवे घर मोफत मिळते. तो खर्च जादा एफएसआयमधून, म्हणजे वाढीव घरे बाजारभावाने विकून निघतो. म्हणूनच इमारती उंच होतात. सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ पासून हाती घेतलेल्या भेंडीबाजार योजनेत साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने धरली गेली. राहत्या कुटुंबाला किमान ३५० चौरस फुटांचे, स्वतंत्र संडास-न्हाणीचे घर ठरले. चाळीतल्या सामाईक संडासाच्या मानाने ही मोठीच सोय आहे.

परंतु मोफत मिळालेले घर पुढेही परवडेल, असे नाही. लिफ्ट, पाण्याचे पंप, आगीपासून बचावाची यंत्रणा यांचा खर्च दरमहा चालूच राहतो. उपकरप्राप्त इमारतींच्या नियमांत दहा वर्षांच्या देखभालीसाठी बिल्डरने निधी ठेवण्याची तरतूद आहे. अकराव्या वर्षी हा बोजा रहिवाशांच्या अंगावर येतो. ज्याला तो पेलत नाही, तो घर विकून मोहल्ला सोडतो.

दुकानाला पूर्वीइतके क्षेत्रफळ मिळते. पण कापड घेताना आपण नुसते मीटर मोजत नाही, पन्हाही बघतो. शंभर चौरस फुटांचा गाळा रस्त्याकडे दहा फूट उघडा असेल तर त्याचा धंदा वेगळा. पाच फूट तोंडाचा, वीस फूट खोल असेल तर वेगळा. वरच्या मजल्यावर आत ढकललेल्या गाळ्यात तर येता-जाता गिऱ्हाईक फिरकत नाही.

तेव्हा संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी नकाशा मागावा. दुकानाचे तोंड किती व कुठे, हातगाडी कुठून येणार, खोलीत दोन बाजूंनी हवा येते का, मासिक खर्च किती आणि निधी किती, हे लेखी घ्यावे. भिंती नव्या झाल्या आणि माणसे पांगली, तर तो मोहल्ला राहत नाही.