डोंगरवाटेवर धावणाऱ्यांनो, ऊब सांभाळा

डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या पायवाटेने धावण्याचा नाद आपल्याकडच्या तरुणांना लागला आहे. कोणी पोलीस भरतीसाठी दम वाढवतो, कोणी हौसेने गडाची वाट धावत चढतो. चांगली गोष्ट आहे. ही मुले माझ्या दवाखान्यात येतात ती मुरगळलेला घोटा किंवा सुजलेला गुडघा घेऊन. ऊन लागले तर काय करावे, हेही विचारतात. पण पावसात धावताना अंग गार पडून माणूस दगावू शकतो का, असे मात्र मला कोणी विचारत नाही. दगावू शकतो, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही.

चीनमधील गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी डोंगरातून १०० किलोमीटर धावण्याची शर्यत झाली. १७२ स्पर्धक होते. मे महिना म्हणून अनेकांच्या अंगात अर्धी चड्डी आणि पातळ बनियन एवढेच होते. दुपारच्या सुमारास गारा, थंडगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. पुढे असलेले धावपटू तेव्हा उंच, उघड्या चढावर होते. तिथे आसरा नव्हता, की मदतीची गाडी पोहोचत नव्हती. २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत नावाजलेले विजेतेही होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेले, शेकोटी पेटवली, पांघरुणे दिली. ते सहाही वाचले.

इतके काटक लोक कसे गेले? आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. धावताना स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करतात. पण कपडे भिजले की पाणी ही उष्णता कोरड्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने ओढून घेते. वारा त्यात भर घालतो. धावपटू दमला, भुकेजला किंवा पाय मुरगळून बसला की भट्टी मंदावते, अंग गार होणे मात्र चालूच राहते. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला वैद्यकीय भाषेत 'हायपोथर्मिया' म्हणतात. हवा दहा-पंधरा अंशांवर असली, तरी ओल आणि वारा मिळून हे घडू शकते. आपल्या गडमाथ्यावर जुलैत ओल आणि वारा दोन्ही असतात.

ओळखायचे कसे?

ताप मोजायच्या जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवरचे आकडेच साधारण इथून सुरू होतात. म्हणून थर्मामीटरपेक्षा माणसाकडे पाहा. सुरुवातीला हुडहुडी भरते आणि बोटांना बुटाची नाडी बांधता येत नाही. मग तो अडखळतो, जीभ जड होते, बोलणे असंबद्ध होते. 'मला काही झालेले नाही, तुम्ही व्हा पुढे,' असे तो म्हणतो. त्याचे ऐकू नका. त्यानंतर हुडहुडी थांबते. बरे वाटू लागले असा समज करून घेऊ नका, ती धोक्याची खूण आहे. काही जण तर अशा वेळी अंगावरचे कपडे काढू लागतात.

काय करावे?

त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्या. ओले कपडे काढून कोरडे घाला. डोके आणि मान झाका. अंगाखाली सॅक, वाळलेले गवत, काहीही पसरा. ओली जमीनही ऊब खेचते. कोरड्या पांघरुणात दुसऱ्याने त्याला बिलगून बसावे. शुद्ध असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड चहा द्या. १०८ ला फोन करा.

काय करू नये?

हातपाय चोळू नका. ब्रँडी पाजू नका. तिने उबदार वाटते, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगून उष्णता उलट बाहेर जाते. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवू नका. ग्लानीत असलेल्याला चालवू नका. हळुवार, आडवे उचला, हिसक्यांनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अंग थंड लागते आणि नाडी सापडत नाही म्हणून मेला असे ठरवू नका. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा आणि रुग्णालयात नेईपर्यंत आशा सोडू नका.

निघण्यापूर्वी

गान्सूच्या शर्यतीत वारा अडवणारे जाकीट सक्तीचे नव्हते. तुम्ही ते स्वतःवर सक्तीचे करा. प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा लोकरी स्वेटर आणि कानटोपी ठेवा. सुती बनियन भिजले की ऊब देत नाही. लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते. आपले धनगर भर पावसात घोंगडी सोडत नाहीत, ते उगाच नव्हे. गूळ-शेंगदाणे, शिट्टी, बॅटरी आणि चार्ज केलेला मोबाईल जवळ असू द्या. एकटे जाऊ नका. कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघा.

आणि आभाळ फाटले, सोबत्याचे दात वाजू लागले, तर तिथूनच मागे फिरा. गड कुठे पळून जात नाही. पुढच्या रविवारी तो तिथेच असेल, तुम्हीही असायला हवे.