पाळीव सर्पाचे भोजन

श्रावण शुद्ध पंचमीला जबलपुरातील गोरखपूर वस्तीत गारुड्याची टोपली दाराशी येई आणि घरातील वडीलधारी मंडळी नागापुढे दुधाची वाटी ठेवीत. नर्मदाकाठी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना त्यात परके वाटण्याजोगे काही नव्हते. उत्तरेकडील पंचांगात महिन्याचा आरंभ पंधरवडाभर आधी होत असला, तरी शुद्ध पंचमी दोन्हीकडे एकाच दिवशी येते. नागाने वाटीला तोंड लावले की पाहणाऱ्यास धन्यता वाटे. वास्तविक तो जीव तहानेने व्याकूळ झालेला असे. सणाआधी कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंबही मिळालेला नसे. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न. सर्पाचे पोट त्यासाठी घडलेलेच नाही.

सर्प संपूर्ण मांसाहारी आहे आणि तो भक्ष्य अखंड गिळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण किंवा अजगर घरी बाळगणे हा गुन्हा ठरला. त्यामुळे गोरखपूरच्या एखाद्या घरात आज कायदेशीर रीतीने पाळलेला साप असलाच, तर तो परदेशी जातीचा, उदाहरणार्थ पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन, असणार. अशा प्राण्याची नोंदणीही २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी करावी लागते. कागदपत्रे एकदा पूर्ण होतात. भोजनाचा प्रश्न मात्र आठवड्या-पंधरवड्याला उभा राहतो.

पुष्कळांची समजूत अशी की, काचेच्या पेटीत जिवंत उंदीर सोडला म्हणजे निसर्गाला त्याचे काम करू दिले. ही समजूत सापालाच फार महाग पडते. रानात उंदराला पळायला वाट असते आणि सापालाही भूक नसेल तर दूर सरकता येते. पेटीत दोघांनाही वाट नाही. साप भुकेला नसला, किंवा कात टाकण्याच्या सुमारास त्याचे डोळे दुधाळ झालेले असले, तर तो उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी रात्रभर पेटीत राहिलेला उंदीर भुकेने सापालाच कुरतडू लागतो. पाठीची कातडी सोलून कण्यापर्यंत गेलेल्या जखमा पशुवैद्यांना अपरिचित नाहीत. सापाला हात नाहीत, नखे नाहीत; विळखा घालण्याची इच्छा नसेल तर तो जवळजवळ निःशस्त्रच असतो. विळखा पडला तरी धोका टळतोच असे नाही. विळख्याच्या दाबाने भक्ष्याचे रक्ताभिसरण काही क्षणांत कोलमडते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसून आले. पण तेवढ्या क्षणांतही उंदराचे दात सापाच्या डोळ्यात किंवा जबड्यात रुतू शकतात.

म्हणून जाणकार पालक मारून गोठवलेला उंदीर देतात. तो रात्रभर शीतकपाटाच्या खालच्या भागात ठेवून वितळवावा आणि मग कोमट पाण्यात धरून अंगाला ऊब आणावी. ही ऊब महत्त्वाची. अजगरकुळातील सापांच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खळग्या असतात. थंड उंदीर त्यांना भक्ष्य वाटतच नाही. उंदीर हातात न धरता लांब चिमट्याने पुढे करावा आणि किंचित हलवावा. त्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून अधिक नसावी. लहान पिलांना आठवड्याने, मोठ्यांना दहा ते चौदा दिवसांनी खाऊ घातले की पुरते.

एखादा हट्टी साप मेलेले भक्ष्य नाकारतो. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. धडधाकट मोठा साप कित्येक आठवडे निराहार राहू शकतो. आधी नुकताच मारलेला उंदीर देऊन हळूहळू सवय पालटता येते. मारण्याचे काम अर्थात शिकलेल्या हातानेच आणि क्षणात व्हावे. अगदीच निरुपाय होऊन जिवंत उंदीर द्यावा लागला, तर तो लहान असावा, त्याचे पोट भरलेले असावे, आणि कोणीतरी समोर बसून राहावे. दहा-पंधरा मिनिटांत सापाने त्याला धरले नाही, तर तो बाहेर काढावा. शेजारच्या मुलांना जमवून हा तमाशा दाखवणे तर सर्वथा वर्ज्य. केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य करणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने दंडनीय ठरवले आहे. त्या पेटीत उंदरालाही भय वाटते, हे कायदेकर्त्यांनी जाणले होते. घरच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कधीही देऊ नये. त्याच्या पोटात विष असू शकते आणि अंगावर परोपजीवी असतात.

भोजनानंतर दोन दिवस सापाला हात लावू नये, नाहीतर तो गिळलेले ओकून टाकतो. जबलपूरच्या थंडीत आणखी एक दक्षता हवी. जानेवारीत तेथे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, आणि सापाचे पचन बाहेरच्या उष्णतेवरच चालते. पेटी गरम ठेवण्याची सोय नसेल, तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो. ती सोय झाल्यावरच उंदीर वितळायला ठेवावा, आणि चिमटा व हात शेवटी साबणाने स्वच्छ धुवावेत.