क्रॅगसाइड : ओढ्यावर उजळलेला वाडा

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडमधल्या रॉथबरी गावाजवळ, खडकाळ उतारावर क्रॅगसाइडचा वाडा उभा आहे. खालच्या लोखंडी पुलावरून पाहिलं तर उंच धुराडी, उतरती छपरं, लाकडी चौकटींच्या भिंती असा सगळा थाट ट्यूडर काळातला. तो खोटा आहे. हा दगडी घरांचा मुलूख. लाकडी चौकटी इथे केवळ हौसेपोटी आल्या.

हौस होती विल्यम आर्मस्ट्राँगची. मूळचा वकील, पण न्यूकॅसलला पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या आणि पुढे तोफा बनवून गबर झालेला. १८६३मध्ये त्याने इथे सुट्टीपुरतं लहानसं घर बांधायला घेतलं. १८६९पासून वास्तुकार रिचर्ड नॉर्मन शॉ ते वाढवत गेला. पाहुणे शिकारीला गेले तेवढ्या वेळात त्याने भावी वाड्याचं चित्र रेखाटलं, अशी आख्यायिका आहे. आतला विस्कळीत पसारा पाहता ती खरी वाटते!

खरी करामत मात्र पाण्याची. ओढे अडवून तळी केली आणि त्यांच्या पाण्यावर लिफ्ट चालली, स्वयंपाकघरात मांस भाजायची सळईसुद्धा फिरली. १८७८मध्ये त्याच जोरावर डायनॅमो फिरवून चित्रदालनात आर्क दिवा लागला. त्याचा उजेड डोळ्यांना बोचणारा. १८८०मध्ये संशोधक जोसेफ स्वानचे काचेचे दिवे आले. ग्रंथालयातले काही दिवे मीनाकारीच्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. तांब्याचं अंगच विजेची एक वाट. दुसरी तार आतून खाली बैठकीतल्या पाऱ्यापर्यंत. फुलदाणी बैठकीवर ठेवली की दिवा लागे, उचलली की विझे. बटण नाहीच!

१८८४मध्ये युवराज एडवर्ड पाहुणा आला. त्याच सुमारास झालेला दिवाणखाना मागच्या कड्याला इतका खेटून आहे, की उजेड छपरातून घ्यावा लागला. तिथली संगमरवरी शेकोटी सुमारे दहा टन वजनाची. मला ती श्रीमंतीची आरोळी वाटते. या वैभवामागे तोफांचा पैसा होता, हेही विसरता येत नाही. अमेरिकी यादवीत आर्मस्ट्राँगने दोन्ही बाजूंना तोफा विकल्या.

१९७७पासून वाडा नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०१४मध्ये तिथे आर्किमिडीजचा स्क्रू बसवून पुन्हा पाण्यावर वीज सुरू झाली. कधी गेलात तर शेकोटीपुढे रेंगाळू नका, आधी ग्रंथालय आणि स्वयंपाकघर बघा.