कचेरीचे घरगुती संकेतस्थळ

धानाचा हंगाम सुरू झाला की तुमसरच्या राईस मिलच्या कचेरीत फोन थांबत नाही. कोणती गाडी निघाली, हमालीचा दर काय, सुट्टीचा नियम काय, सगळे दिवाणजींना विचारायचे. दिवाणजी रजेवर गेले की कागद कुठल्या फायलीत आहे, हे कुणालाच ठाऊक नसते. हीच माहिती कंपनीच्या माणसांपुरत्या संकेतस्थळावर ठेवली की झाले इंट्रानेट. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मँगनीजच्या खाणी आणि ‘मॉईल’चे मुख्यालय नागपूरला, असा पसरलेला कारभार असेल तर ही गरज आणखी वाढते.

पण ते उभारायचे कशावर? मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट विकत घ्यावे लागते. ड्रुपल, जूमला, मीडियाविकी यांना परवाना शुल्क नाही. मराठी विकिपीडिया मीडियाविकीवरच चालतो, तेव्हा मराठीची चिंता नको. मात्र कोणते पान कोणी वाचावे, अशी बारीक बंधने घालण्यासाठी ते बनलेलेच नाही. नियमावली तिथे खुशाल ठेवा, पगारपत्रके नकोत.

फुकट मिळाले तरी सांभाळायला माणूस लागतोच. २०११ साली आलेल्या ड्रुपल ७ची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी थांबली. त्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे नवे घर बांधून सामान हलवणे. ज्यांचा जाणकार मधल्या काळात नोकरी सोडून गेला, त्यांची पंचाईत झाली. म्हणून माझ्या मते, सोयींची यादी पाहण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: उद्या हे कोण सांभाळणार? आणि आपली माहिती सगळीच्या सगळी बाहेर काढता येईल का?

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. जुनी पत्रे कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. डोळ्यांना ‘धान’ दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे असतात. त्यामुळे शोध घेतला तर काहीच सापडत नाही. असे कागद आधी युनिकोडमध्ये आणावे लागतात. प्लॅटफॉर्म कोणताही घ्या, हे काम चुकत नाही आणि अंदाजपत्रकात ते बहुधा धरलेले नसते. विक्रेता नमुना दाखवायला आला की त्याच्याच पत्रांऐवजी आपली दहा जुनी पत्रे त्याच्या हाती द्या आणि त्यातले ‘हमाली’ शोधून दाखवायला सांगा.